शिंगणापुरातला पासवर्ड

माझ्यासारख्या माणसाने पासवर्डच्या भानगडीत पडायलाच नको होतं. मी शनिशिंगणापूरचा. जन्मलो बिनदाराच्या घरात, वाढलो बिनदाराच्या घरात, आणि परवा-परवा नवं घर बांधलं तेव्हा सुताराने नुसत्या चौकटी ठोकून हात झटकले. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून आम्ही एक फळी टेकवून ठेवतो, एवढाच काय तो आमचा बंदोबस्त. माझी बायको सुरेखा पारनेरची. तिच्या माहेरी कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा कुलूप असतं. लग्नात तिच्या मामाने हौसेने एक पितळी कुलूप दिलं होतं. कुरडया वाळत घालताना कापड उडू नये म्हणून ते आमच्याकडे कोपऱ्यावर ठेवतात.

सांगायचा मुद्दा, कुलूप लावणं माझ्या रक्तात नाही. आणि जे रक्तात नाही ते माणसाने पन्नाशीनंतर करायला जाऊ नये.

मी इथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची शोभा व्हायची तेवढी झाली आहे. यंदा आमच्या संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी मनावर घेतलं की डेटा सायन्सची पदवी आपल्याकडे सुरू झालीच पाहिजे. ते काय असतं हे त्यांनी मला विचारलं नाही. "सर, नगरला हाय म्हनं. मग आपुन काय कुनाचं घोडं मारलंय?" एवढाच त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो बिनतोड होता.

विद्यापीठाकडे अर्ज गेला आणि उत्तर आलं. ते दुसऱ्याच कुठल्यातरी कॉलेजच्या वसतिगृहाबद्दल होतं. ते आमचं नाही हे विद्यापीठाला पटवण्यात बरेच दिवस गेले, कारण जावक क्रमांक आमचाच होता आणि जावक क्रमांक चुकत नसतो. अखेर खरं पत्र आलं. त्यात अट होती की कॉलेजने 'संवादात्मक संगणकीय नोटबुकची प्रात्यक्षिक व्यवस्था' उभी करावी आणि समितीसमोर ती विद्यार्थ्याने स्वतः चालवून दाखवावी. 'स्वतः' या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

काकासाहेबांना मी समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पान असतं. वर चार ओळी मजकूर लिहायचा, त्याखाली हिशेबाच्या सूचना लिहायच्या, बटण दाबलं की तिथल्या तिथे उत्तर येतं, आलेख निघतो. आकडा बदलला की आलेखही बदलतो. काकासाहेब म्हणाले, "म्हंजे वहीच लिहिती आन् वहीच गनित करती. मग पोरांनी काय करायचं?" हा प्रश्न मला अजूनही अधूनमधून छळतो.

नोटबुक कशावर करायचं, यावर गावाने मला सल्ले दिले. आमच्या गावात सल्ल्यांनाही दार नसतं. शेजारच्या श्रीमंतने तर कुंपणावरूनच निकाल दिला. "कांदा घ्या सर. कांद्याबिगर या जगात दुसरं हाय काय?" श्रीमंतच्या चाळीत मागल्या हंगामापासून कांदा पडून होता, त्यामुळे त्याला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. पण सूचना चांगली होती. घोडेगावच्या बाजारातली आवक, पाऊस आणि चाळीतला साठा हे आकडे सरकपट्ट्यांवर पुढे-मागे करायचे आणि खाली कांद्याच्या भावाचा अंदाज बघायचा, असं नोटबुक मी मांडलं.

मांडलं म्हणजे मी आणि संस्कृतीने मांडलं. संस्कृती ही मच्छिंद्रची मुलगी. देवस्थानाच्या वाटेवर मच्छिंद्रची टपरी आहे. तेल, रुईच्या माळा, काळे उडीद, घोड्याचे नाल असा तिथे माल. पोरगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झालेली आणि टपरीवर बसून तेलाच्या बाटल्या भरत होती. मी प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थी शोधत तिथे गेलो तर मच्छिंद्र म्हणाला, "सर, हितं गावात निघालं तर शिकंल. माझी काय ना न्हाई. पन नगरला रोज यष्टीनं जानं-येनं, ते न्हाई जमायचं. तिसगावचं स्थळ आलंय. मानसं चांगली हायती. त्यांना मी दिवाळीपतुर थांबा म्हनलंय."

संस्कृतीने मान वर केली नाही. फक्त मी निघाल्यावर मागून आली आणि म्हणाली, "सर, कधीपासून यायचं?"

ती दुसऱ्याच दिवसापासून आली. तिचा हात की-बोर्डवर असा चालायचा की मला आपण उगाचच तीस वर्षं पगार घेतला असं वाटायचं. पट्ट्यांवर 'आवक', 'पाऊस', 'चाळीतला माल' अशी नावं तिनेच मराठीत घातली. भाव पडला की आलेखाची रेघ लाल आणि चढला की हिरवी, हीदेखील तिचीच कल्पना. एकदा रेघ हिरवी झाली तेव्हा ती एकटीच हसली आणि मला म्हणाली, "सर, हे आमच्या आण्णांना दाखवायला पायजे. त्यांना वाटतं मी हितं टायपिंग शिकते."

व्यवस्था सुरू करताना यंत्राने पासवर्ड विचारला होता. मी तो रकाना कोरा ठेवला. यंत्राने तांबड्या अक्षरांत इशारा दिला, मी त्याकडे दुर्लक्ष केलं आणि आमचा शिपाई हनुमंत याच्यापुढे छोटंसं भाषणही केलं. "हनुमंता, ज्या गावात तिजोरीला कुलूप नाही, तिथे कांद्याच्या आलेखाला लावायचं? देव बघत नाही का?" हनुमंतला भाषण फार आवडलं. ते त्याने गावभर पोचवलं, आणि त्याबरोबर ही बातमीही पोचली की कॉलेजात एक कॉम्प्युटर आहे, त्याला कुलूप नाही आणि तो कांद्याचा भाव सांगतो.

झालं. दुसऱ्या दिवसापासून संगणक कक्षात राबता सुरू झाला. कक्षालाही दार नव्हतंच, स्नेहसंमेलनाचा पडदा लावलेला होता. हनुमंत लोकांना आत घ्यायचा, पट्ट्या सरकवून दाखवायचा. जुना नोकर साहेबाचा कोट घालून बघतो तसा तो माझ्या खुर्चीत बसायचा.

मी प्रामाणिकपणे सांगतो, चोरी एका अक्षराचीही झाली नाही. आमच्या गावात चोरी होत नाही. देणग्या मात्र भरपूर आल्या.

पहिली देणगी श्रीमंतची. नोटबुक भाव फारच कमी दाखवतं असं त्याचं मत पडलं, म्हणून त्याने हनुमंतला विचारून उत्तराला दोनाने गुणलं. "सर, तुमचं मशीन वेपाऱ्याच्या बाजूचं हुतं," तो मला म्हणाला, "आता शेतकऱ्याच्या बाजूचं केलंय." त्यानंतर आलेखाच्या डोक्यावर काकासाहेबांच्या नातवाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आल्या. खाली शुभेच्छुकांची यादी आली. यादीत एकाचं नाव राहिलं म्हणून तो रुसला, मग त्याच्यासाठी वेगळी चौकट आली. मग कुणाच्या तरी दशक्रियेची वेळ आली. शेवटी कडूबाईंची शेळी हरवल्याची सूचना आली, तिच्या वर्णनासह. एक कान फाटका, गळ्यात निळी दोरी.

मी रोज हे सगळं पुसायचो आणि रोज ते परत यायचं. शिवाय ही माणसं कक्षातल्या वेगवेगळ्या यंत्रांवरून एकाच पानावर एकाच वेळी लिहीत असल्याने कधी शुभेच्छांचा मजकूर हिशेबाच्या सूचनांत मिसळायचा आणि आवकीच्या जागी दशक्रियेची वेळ बसायची. संस्कृती ते शांतपणे निस्तरायची. "राहू द्या की सर," ती म्हणायची, "माझ्याकडं मूळ प्रत ठेवलेली आहे. आन् कडूबाईची शेळी सापडली ना त्यानं."

शेळी सापडली होती हे खरं आहे. पण मला त्याचा आनंद झाला नाही, कारण त्याच दिवशी पानाच्या तळाशी मला दिसलं की 'निर्मिती : प्रा. अमृत' ही ओळ गेली होती आणि तिथे आलं होतं, 'संपूर्ण व्यवस्था : श्री. हनुमंत. सहकार्य : सर'.

सर! नावसुद्धा नाही. माणूस किती सोसणार?

मी घरी येऊन हे सुरेखाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "लावा की मग पासवर्ड. माझ्या माहेरी असतं तर..." पुढचं खुराड्याचं मला पाठ होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, पारनेरच्या कोंबड्यांचं चाललंय ते बरं चाललंय.

त्यात विद्यापीठाच्या कारकुनाचा फोन आला. तपासणीच्या कागदात 'संगणक कक्षास दार व कुलूप आहे काय' असा रकाना होता आणि आम्ही तिथे 'प्रथेनुसार नाही' असं लिहिलं होतं. कारकून म्हणाला, होय किंवा नाही एवढंच चालतं, प्रथेला रकाना नाही. मी त्याला देवाची कथा थोडक्यात सांगितली. तो भाविक निघाला, आईला घेऊन दर्शनाला यायचंय म्हणाला, पण रकान्याबाबत हलेना. शेवटी त्यानेच तोड काढली. "सर, दार नसू द्या. कॉम्प्युटरला तरी पासवर्ड आहे ना? तेवढं लिहून द्या, मी सांभाळून घेतो."

मी लिहून दिलं. आणि लिहून दिलं तसं करायला शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजात गेलो. हनुमंत घरी गेला होता. मी नोटबुक स्वच्छ केलं, शुभेच्छा पुसल्या, भाव परत व्यापाऱ्याच्या बाजूचा केला, तळाशी माझं नाव घातलं. आणि पासवर्ड लावला. तो चांगला दणदणीत लावला, लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडा, मध्ये एक चांदणी. आयुष्यातलं पहिलं कुलूप. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तो मी कुणालाही सांगितला नाही. हनुमंतला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. सुरेखाला नाही, कारण तिने जिंकल्यासारखं तोंड केलं असतं. संस्कृतीलाही नाही. ती टपरीवर बसते, टपरीवर अख्खं गाव येतं, आणि गावाने गोड बोलून विचारलं तर पोर काय करील, असा विचार मी केला. सकाळी लवकर जाऊन मी स्वतः उघडून देईन, मग ती चालवील, असं ठरवलं आणि निवांत झोपलो.

तपासणी समित्या आमच्या कॉलेजला शनिवारीच येतात. विद्यापीठाला याचं कारण विचारू नये. समितीत तिघं होते. सकाळी मी शर्टाची बटणं लावतोय तोवर काकासाहेबांची गाडी दारात. म्हणजे चौकटीत. "सर, बसा. पावन्यांना आधी दर्शन. तुमी म्हाइती सांगायला पायजे, माझं बोलनं त्यांना कळत न्हाई."

"पण कॉम्प्युटर..." मी म्हणालो.

"कॉम्प्युटर कुटं पळून चाललाय? देवाच्या आधी कॉम्प्युटर व्हय?"

मी गाडीत बसलो. गाडीत मी समितीच्या अध्यक्षांना चौथऱ्याची माहिती देत असताना माझा फोन वाजला. काकासाहेबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि गाडीच्या कप्प्यात टाकला. "पावन्यांम्होरं फोन बरा दिसत न्हाई," ते हळूच म्हणाले. त्या दिवशी गर्दी ही अशी होती. रांग, तेल, नारळ, मग देवस्थानाचा सत्कार, मग संस्थेचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. मी मधून मधून घड्याळ बघत होतो आणि तिसरा सदस्य कुठे दिसत नाही म्हणून मनातल्या मनात खूश होत होतो, कारण आम्ही दोघांनाच आवरू शकत नव्हतो.

तो तिसरा सदस्य म्हणजे डॉ. पंकजा मॅडम. त्यांना दर्शनात रस नव्हता. त्या थेट कॉलेजात गेल्या होत्या.

पुढचं मला हनुमंतने सांगितलं. तो सांगताना रडायच्या बेतात होता, आणि हनुमंत रडत नाही. मॅडम आल्या तेव्हा संस्कृती तयार बसलेली होती, नवा ड्रेस घालून, केस घट्ट बांधून. मच्छिंद्रही आला होता. टपरी शेजाऱ्याच्या स्वाधीन करून, शनिवारची टपरी, केवळ पोरीचं बघायला म्हणून. तो पडद्याजवळ चपला काढून उभा होता. मॅडम म्हणाल्या, दाखव. संस्कृतीने बटण दाबलं आणि समोर पासवर्डची चौकट आली.

तिने ती कधी पाहिलीच नव्हती. आधी तिला वाटलं आपलंच चुकलं. बंद करून परत सुरू केलं. परत चौकट. मग तिने देवाचं नाव टाकून बघितलं, गावाचं टाकलं, माझं टाकलं. हनुमंत मला फोनवर फोन करत होता आणि फोन काकासाहेबांच्या गाडीत वाजत होता. तिच्याजवळची मूळ प्रतही त्याच यंत्रात, त्याच चौकटीच्या आत.

"पोरीनं मग खडू घेतला सर," हनुमंत म्हणाला. "फळ्यावर रेघ काढली, आवक हितं, भाव तितं, असं मॅडमला समदं बोलून दावलं. लई भारी बोलली. मला कळलं, म्हंजे बघा. मॅडमनी मान हलवली. पन म्हनल्या, बाळ, चालवून दाखव."

चालवून दाखवणार कशी? मच्छिंद्रला खडूचं काही कळलं नसावं. त्याला एवढं दिसलं की पोरगी कॉम्प्युटरपुढे बसली, बटणं दाबत राहिली आणि काही निघालं नाही. तो आत आला आणि म्हणाला, "चल संस्कृती, गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि ती गेली.

आम्ही पोचलो तेव्हा मॅडम कागदावर सही करत होत्या. मी धावत जाऊन पासवर्ड टाकला. नोटबुक उघडलं, पट्ट्या सरकल्या, रेघ हिरवी झाली, लाल झाली. इतकं सुंदर ते यापूर्वी कधी चाललं नव्हतं. तळाशी माझं नाव ठळक अक्षरांत झळकत होतं.

"सर, छानच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण परीक्षा तुमची नव्हती."

मी म्हणालो, मुलीला बोलावतो, जवळच आहे. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. त्यांना पाथर्डीकडचं कॉलेज करायचं होतं आणि रस्ता खराब होता. मॅडमनी तरी थोडा वेळ थांबायची तयारी दाखवली. मी हनुमंतला पिटाळलं. तो एकटाच परत आला. मच्छिंद्र म्हणाला होता, एकदा झाली तेवढी शोभा बास झाली.

पत्र यथावकाश आलं, आणि या वेळी पहिल्याच फटक्यात आमचंच आलं. 'विद्यार्थ्याने प्रत्यक्ष चालवून दाखवले : नाही.' 'सुरक्षाव्यवस्था : समाधानकारक.' काकासाहेबांनी दुसरी ओळ मोठ्याने वाचून घेतली आणि म्हणाले, "चला, काईतरी समाधानकारक हाय." मग त्यांनी फार्मसीचा अर्ज भरायला घेतला.

मला मात्र राहवेना. मी टपरीवर गेलो. मच्छिंद्रने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी त्याला सगळं नीट सांगितलं. कुलूप मी लावलं होतं, पोरीचा काही दोष नव्हता, तिला सगळं येतं, माझ्यापेक्षा जास्त येतं. नगरला पाठव, मी स्वतः प्रवेशाचं बघतो, हेही सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, तुमी लई मोठ्या मनाचं. पोरीसाटी सोताकडं घेताय. पन मी व्हतो ना तितं. माझ्या डोळ्यांनी बगितलं. न्हाई जमलं तिला, न्हाई जमलं. त्यात काय एवडं? तिसगावची मानसं रविवारी येत्यात बोलनी करायला. तुमीबी या."

मी परत सांगितलं, देवाची शप्पथ घेऊन सांगितलं. जसजसा सांगत गेलो तसतसा त्याच्या नजरेत माझ्याविषयीचा आदर वाढत गेला. आयुष्यभर मला हवा होता तसला आदर. मला तो नको नको झाला.

संस्कृती आतल्या बाजूला बाटल्यांत तेल भरत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मच्छिंद्र चहाचे पेले परत द्यायला गेला तेव्हा मी तिच्याकडे गेलो. म्हणालो, "संस्कृती, माझं चुकलं गं."

तिने नरसाळं दुसऱ्या बाटलीत घातलं. ती बाटली भरली. मग बाटलीचं बूच लावलं, हात फडक्याला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगायचा ना सर पासवर्ड. मी कुणाला सांगितला नसता."